आत्या ठरवायच्या

आत्या गेल्या त्याला आता तीन महिने होत आले. आमच्या भागात सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणायची पद्धत, त्यामुळे माझ्या तोंडात पहिल्यापासून तेच आहे, आणि खरं सांगायचं तर मला सख्खी आत्या नसल्यामुळे ही एकच आत्या मला मिळाली. दिवसकार्याला गावातली, भावकीतली, मार्केट यार्डातली बरीच माणसं आली होती. चार-पाच जण बोलले. सगळे प्रेमानंच बोलले, पण सगळ्यांचं बोलणं एकाच वळणाचं होतं. माऊलीनं आयुष्यभर सोसलं, कधी तोंडातनं शब्द काढला नाही, चूल आणि मूल ह्यातच आयुष्य घालवलं, नवऱ्याच्या शब्दाबाहेर गेली नाही. मी मागं बायकांच्यात बसून ऐकत होते आणि मला सारखं वाटत होतं की हे कुणाबद्दल बोलायलेत? मी 1996 पासून ज्या बाईबरोबर एका घरात राहिले, ती बाई ही नाही. म्हणून लिहायला बसले. माझ्या पोरांना आणि नणंदेच्या पोरांना आज्जी नीट माहिती पाहिजे.

आमचं घर हरिपूरला. सांगलीतनं रिक्षानं पंधरा मिनिटांवर, कृष्णा आणि वारणा जिथं मिळतात तिथं. संगमेश्वराचं देऊळ आहे, श्रावणात सोमवारी यात्रा भरते आणि मग आमच्या घरी पाहुण्यांची रीघ. मामा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते, शिवाय घरची थोडी शेती, ऊस आणि हळद. दिवसभर मामा दुसऱ्यांच्या वह्या लिहायचे आणि घरची वही आत्यांकडं. आत्यांचं शिक्षण चौथीपर्यंत, पण वहीतली बेरीज एका पैशानं चुकायची नाही.

लग्न होऊन आले तेव्हा मलाही पहिले काही महिने असंच वाटायचं की ह्या घरात मामा ठरवतात आणि बाकीचे ऐकतात. सकाळी चहाच्या वेळी मामा सोप्यात बसून सांगायचे, "मी ठरवलंय, औंदा वरच्या तुकड्यात हळद लावायची." किंवा "मी ठरवलंय, म्हैस विकायची." आत्या आत भाकरी थापत असायच्या, वर मानसुद्धा करायच्या नाहीत. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं. रात्री जेवणं झाली, मी भांडी आवरली की आत्या सोप्यात येऊन अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसायच्या आणि मामा त्यांना सकाळचा पेपर वाचून दाखवायचे, सकाळी एकदा स्वतःसाठी वाचलेला तोच पेपर रात्री परत मोठ्यानं. हळदीचा भाव, कोयनेचं पाणी, लग्नाच्या जाहिराती, निधन वार्ता, सगळं. त्यात मधीमधी आत्या काहीतरी खालच्या आवाजात बोलायच्या, मामा "व्हय, व्हय" म्हणायचे, कधी "असं म्हणतीस?" म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी चहाला "मी ठरवलंय". घरातल्या सगळ्यांना हे माहिती होतं, बाहेरच्या कुणालाच नाही. आत्यांना त्याचं काही वाटायचं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "काम झाल्याशी मतलब. मी सांगितलं आस्तं तर सासऱ्यांनी ऐकलं आस्तं का? मग तीच सवय पडली."

ह्याची सुरुवात कशी झाली ते त्यांनीच मला सांगितलं होतं, हळद मोडताना.

त्यांचं माहेर पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या खोऱ्यातलं. 1967 च्या उन्हाळ्यात लग्न होऊन हरिपूरला आल्या आणि त्याच वर्षी 11 डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. चार वाजून गेलेले, सगळे झोपेत, हरिपूरलासुद्धा मांडणीवरची भांडी खाली आली आणि माणसं अंगावर घोंगडी घेऊन रस्त्यावर. उजाडल्यावर मग रेडिओवर नाहीतर एसटीनं आलेल्या माणसांकडनं एकेक कळायला लागलं की तिकडं कोयनानगर भागात घरंच्या घरं गेलीत. पुढं कळलं की पावणेदोनशेच्या आसपास माणसं दगावली. तेव्हा फोन नाही, काही नाही. सासरची मंडळी म्हणाली थांबा, रस्ते बंद असतील, काय असेल ते कळेल की. अठरा वर्षांची नवी नवरी, तिनं काय बोलायचं? पण रात्री त्यांनी मामांना सांगितलं की उद्या सकाळी मी निघणार, तुम्ही येताय का मी एकटी जाऊ. आणि सकाळी मामांनी वडलांसमोर उभं राहून सांगितलं, "मी ठरवलंय, आम्ही जाऊन येतो."

एसटीनं कऱ्हाड, कऱ्हाडातनं मिळेल त्या गाडीनं पाटण, पुढं चालत. माहेरचं घर निम्मं पडलेलं. आई-वडील, भाऊ वाचलेले, चुलती गेलेली. थंडीत सगळा गाव उघड्यावर. आत्या तिथं चार दिवस राहिल्या आणि येताना धाकट्या बहिणीला घेऊन आल्या. विचारलं कुणालाच नाही, हात धरून आणली. ती बहीण, म्हणजे आमच्या मावशी, इथंच हरिपूरला राहून शिकली आणि पुढं मिरजेला नर्स झाली. दिवसकार्याला मावशी एका कोपऱ्यात बसून होत्या, त्यांना कुणी बोला म्हणून म्हणालं नाही. बोलल्या असत्या तर त्या दिवशी सभेला आत्या कळल्या असत्या.

नणंदेचं पण तसंच. दहावी झाली, स्थळं यायला लागली. भावकीत पोरींना कॉलेजला घालायची पद्धत नव्हती. तिला विलिंग्डनला घालायचं हे आत्यांनी एका रात्रीत ठरवलं, सायकल घेतली, आणि सायकलचे पैसे कुठनं आले तर म्हशीच्या दुधाच्या वहीतनं. आज ती स्वतः शिक्षिका आहे, विश्रामबागला घर आहे. ती म्हणते, "आईनं मला कधी शिक असं म्हणलं नाही, सायकल आणून दारात लावली आणि म्हणाली, उशीर होतोय."

आता हळदीचं सांगते, कारण आत्या सगळ्यात जास्त आत्या कुठं दिसायच्या तर काहिलीजवळ, म्हणजे हळद शिजवायच्या मोठ्या कढईजवळ. अक्षय तृतीयेच्या सुमारास लावलेली हळद पुढं थंडी सरताना निघते. पाला कापायचा, गड्डे उकरायचे, मग बायका ओळीनं बसून गड्ड्यापासनं हळकुंड मोडून वेगळं करतात. हातानं करायचं काम आहे, बोटांच्या पेरांना चिरा पडतात आणि त्या चिरांमधला पिवळा रंग होळीपर्यंत जात नाही. मग शिजवणं. हल्ली बॉयलर आलेत, वाफेवर शिजते, लवकर होतं. पण आमच्यात बरीच वर्षं काहीलच होती. खाली उसाचं पाचट आणि हळदीचा वाळका पाला, वर हळद, पाणी, आणि तोंडावर पाला आणि पोतं झाकलेलं. कधी उतरायची हाच सगळा प्रश्न. कच्ची राहिली तर वाळल्यावर आतनं रंग येत नाही, जास्त झाली तर मऊ पडून माल खराब. आत्या जवळ जाऊन आधी वास घ्यायच्या. वाफेचा वास बदलतो, सुरुवातीला मातीचा, ओला ओला असतो, मग एकदम गोडसर, डोक्यात चढणारा होतो. मग एक हळकुंड काढायचं, गवताची काडी टोचायची. काडी न मोडता आरपार गेली की आत्या नुसता हात वर करायच्या, आणि गडी आग ओढायचे. चार-चार गडी उभे असायचे, मामा असायचे, माझा नवरा असायचा, सगळे त्या वर होणाऱ्या हाताकडं बघत. आणि ह्या बाईनं म्हणे आयुष्यभर कुणाच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नाही.

मला त्यांनी हे शिकवलं. माझं माहेर सातारा शहरातलं, मला हळद म्हणजे डब्यातली एवढंच माहिती. माझ्या हातात काडी दिली आणि म्हणाल्या, "टोच. मोडली तर मोडू दे." पहिल्या वर्षी खूप काड्या मोडल्या. त्या शेजारी बसून राहायच्या, स्वतः टोचून दाखवायच्या नाहीत. आणखी एक, बायकांची मजुरी त्याच संध्याकाळी. उद्या नाही, बाजाराच्या दिवशी नाही. मामा कधी म्हणाले की सुट्टे नाहीत, तर आत्या शेजारी जाऊन मोड आणायच्या, पण बाई रिकाम्या हातानं घरी जायची नाही.

निर्णय चुकायचे नाहीत असं मी म्हणणार नाही. चुकायचे. 2005 चा पूर सांगलीत कुणी विसरणार नाही. हरिपूरला हळद साठवायची जुनी पद्धत म्हणजे पेव. जमिनीत खोल खड्डा, तोंड एक माणूस उतरेल एवढंच आणि आत ऐसपैस. आतनं पाचट, कडबा लावायचा, हळद भरायची आणि तोंड दगड-मातीनं बंद करायचं. आत हवा नाही त्यामुळे कीड नाही, वर्षानुवर्षं माल राहायचा. हवा नसते म्हणूनच उतरायच्या आधी तोंड उघडून काही तास ठेवावं लागायचं, नाहीतर उतरलेला माणूस गुदमरायचा. आमच्या मातीतच ते जमायचं, म्हणून सांगलीच्या बाजारातली हळद हरिपूरच्या पेवात यायची. तर त्या वर्षी मामा म्हणत होते की पावसाळ्याच्या आधी माल विकून टाकू, आणि आत्या म्हणाल्या भाव वाढतोय, दिवाळीपर्यंत थांबा. थांबले. पूर आला, पेवांत पाणी शिरलं. एकट्या आमच्याच नाही, गावातली कितीतरी पेवं गेली आणि त्यानंतर पेवांचा धंदा पहिल्यासारखा परत उभा राहिलाच नाही, माल गोडाऊनला आणि कोल्ड स्टोरेजला जायला लागला. पाणी ओसरल्यावर आमचं पेव उघडलं तेव्हा त्या सडलेल्या हळदीचा वास आला, तो मी कशाशी तुलना करून सांगू शकत नाही. वर्षाची कमाई होती.

त्या संध्याकाळी आत्या सोप्यात आल्या, घरातले सगळे आणि दोन पाहुणे बसलेले, आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, "ह्यांनी विक म्हणलं होतं. मी थांबवलं. माझं चुकलं." तेव्हा पहिल्यांदा बाहेरच्या माणसांसमोर कळलं की ठरवत कोण होतं. यशाचं श्रेय तेवढी वर्षं मामांच्या नावावर आणि नुकसान मात्र त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं. मामांनी एवढंच म्हणलं, "मी पण व्हय म्हणलं होतं की." दुसऱ्या आठवड्यात हातातल्या पाटल्या विकल्या आणि बियाणं घेतलं. विषय संपला. पुढं कधी त्यावर रडणं नाही, टोमणा नाही. मला त्यांच्या सगळ्या गोष्टींत हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

आणि मग 2019. तोवर त्यांनी पुराचा पक्का अभ्यास केला होता. सांगलीत पावसाळ्यात सगळेच कोयनेतनं किती सोडलं, अलमट्टीतनं किती सोडलं हे बोलतात, पण आत्यांचं वेगळं होतं. कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळतं आणि तेच पुढं आमच्या दारावरनं जातं. "माझ्या म्हायेरचं पाणी हाय," म्हणायच्या, "किती वाजता निघालं की किती वाजता येतंय मला म्हाईत हाय." ऑगस्टच्या सुरुवातीला रोज घाटावर जाऊन पायऱ्या बघायच्या, मग नातीला मोबाईलवर आयर्विन पुलाची पातळी बघायला सांगायच्या. तो 1929 चा पूल, तिथं 45 फूट म्हणजे धोक्याची पातळी हे सांगलीतल्या पोराटोरांना पाठ आहे. पाणी अजून त्याच्या खालीच होतं तेव्हा आत्या म्हणाल्या, जनावरं हलवा. आम्ही म्हणलं, आत्ताच कशाला, 2005 ची खूण भिंतीवर आहे, तिथवर आलं तर वरच्या मजल्यावर जाऊ. त्या म्हणाल्या, "तुम्ही जाशीला वर. जनावराला जिना चढता येत न्हाई." दोन म्हशी, एक रेडकू, त्याच दिवशी बुधगावला पाहुण्यांच्यात पाठवली. दुसऱ्या दिवशी आम्हाला सगळ्यांना नणंदेकडं विश्रामबागला काढलं. गल्लीतल्या लोकांना घरोघर जाऊन सांगितलं, काहींनी ऐकलं, काही म्हणाले म्हातारी घाबरली. पाणी त्या वेळी 57 फुटांच्या वर गेलं. आमच्या भिंतीवरची 2005 ची खूण कुठल्या कुठं बुडाली. त्याच पुरात ब्रह्मनाळला नाव उलटली आणि माणसं गेली, बायकापोरं गेली, ते टीव्हीवर बघताना आत्या उठून आत गेल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

परत आल्यावर घरात गुडघाभर गाळ. आम्ही सगळे हातपाय गाळून बसलेलो. आत्यांनी खराटा घेतला आणि स्वयंपाकघरापासनं सुरुवात केली, आणि बचत गटाची वही, जी त्यांनी जाताना पिशवीत घालून पोटाशी धरून नेली होती, ती उघडून पहिल्याच रविवारी गटाची बैठक घेतली, त्या गाळातच, दारात पाटावर बसून. चार महिने कुणाकडनं हप्ता मागायचा नाही, व्याज लावायचं नाही. वहीत तसं लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ज्यांना सही येत नव्हती त्यांना त्यांनी आधीच शिकवलेली होती, गटात अंगठा चालायचा नाही हा नियमच.

आज्जी म्हणून त्या लाड करायच्या का? करायच्या. कृष्णाकाठची वांगी भरून, खपलीची खीर, परीक्षेला जाताना दही, सगळं. पण माझ्या लेकीला विचाराल तर ती वेगळंच सांगेल. ती वालचंदला इंजिनिअरिंग करून पुण्यात नोकरीला लागली, तिला एक स्थळ आलं, फार मोठं घर, आम्ही सगळे खूष. मुलानं एका भेटीत सहज विचारलं की लग्नानंतर नोकरी सोडशील ना. लेकीनं हे आम्हाला कुणाला सांगितलं नाही, आज्जीला सांगितलं. आज्जीचा व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज आला. आमच्याकडच्या जुन्या बायका बोलतात तसंच, "हां, ऐक गं. त्या पोराला न्हाई म्हणून सांग. कारण-बिरण देत बसू नगो. तुझ्या बापाला मी सांगतो." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला मामा माझ्या नवऱ्याला म्हणाले, "मी ठरवलंय, ते स्थळ नको."

शेवटचं आजारपण लांबलं नाही. मिरजेच्या दवाखान्यात थोडे दिवस, मग डॉक्टर म्हणाले अजून हलवता येईल, पुण्याला नेता येईल, आत्या म्हणाल्या हरिपूर. त्यावर चर्चा झाली नाही. नेमका हळदीचा सीझन, शेतात गड्डे उकरून पडलेले, बायका रोज येत होत्या. पहाटे त्या गेल्या. सकाळी भावकी जमली, आणि कुणीतरी म्हणालं की आता तेरा दिवस काम बंद ठेवावं लागेल, सुतक आहे. कुणी म्हणालं माल उघड्यावर आहे, नुकसान होईल. सगळे मामांकडं बघायला लागले. मामा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "तिनं ठरवलंय. काम बंद ठेवायचं नाही. बायकांची मजुरी बुडंल." आणि जरा थांबून म्हणाले, "आजवर समदं तिनंच ठरवलंय."

साठ वर्षांच्या आसपासचा संसार, आणि मामांनी तो हिशेब असा सगळ्यांसमोर चुकता केला. माझा नवरा तेव्हा पहिल्यांदा रडला.

रक्षाविसर्जनाचाही प्रश्न आला. कुठनं कुठनं माणसं रक्षा घेऊन आमच्या संगमावर येतात, आणि आम्ही तर संगमावरचेच, त्यामुळे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. पण आत्यांनी मला आणि नणंदेला आधीच सांगून ठेवलं होतं की नदीत नको. घाटावर लोक काय काय टाकून जातात ते त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं. वरच्या तुकड्यात बांधावर खड्डा काढा, त्यात टाका आणि आंबा लावा. दोन-तीन वडीलधारी नाराज झाली, एक पाहुणे जेवायला थांबले नाहीत. आम्ही आंबा लावला. रोप केशरचं आहे, मामांना हापूस पाहिजे होता, पण आत्यांना केशर आवडायचा.

मामा आता रात्री पेपर वाचायला बसत नाहीत. मी म्हणलं मला वाचून दाखवा, तर म्हणाले तुला वाचता येतंय की. मग लेक पुण्यातनं फोन करते आणि म्हणते आजोबा, हळदीचा भाव काय निघाला आज, तर तिला मात्र वाचून दाखवतात. सगळा पेपर नाही, तेवढाच.

आणि गेल्या रविवारी गटाच्या बायका वही घेऊन आल्या. सोप्यात बसल्या, चहा झाला, आणि वही माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या आता तू. मी म्हणलं माझी शाळा असते, मला हिशेब आत्यांसारखा जमायचा नाही, दुसरं कुणीतरी बघा. त्यातली एक, जी माझ्या लग्नाच्या वर्षीपासनं आमच्यात हळद मोडायला येते, ती म्हणाली, त्यांनीच तुझं नाव सांगून ठेवलंय, वहीच्या मागच्या पानावर बघ. बघितलं. त्यांच्या अक्षरात माझं नाव, आणि खाली सगळ्या बायकांच्या सह्या, तारीख दिवाळीच्या आधीची. मला कुणी विचारलं नव्हतं, सायकल दारात आणून लावलेली.

पहिलाच अर्ज एका सुनेचा आला, शिलाई मशीनसाठी. नवरा काही करत नाही, सासूची परवानगी नाही, जामीनदार कुणी नाही. नियमानं जामीनदार लागतो. मी मामांकडं बघितलं, ते खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते. मी विचारलं, मामा, काय करू? ते म्हणाले, "मला काय विचारतीस?" मग मी वही ओढली, रक्कम लिहिली आणि जामीनदाराच्या रकान्यात माझी सही केली.